लाल गुडघ्यांचा गरीब कोळी

कोळी म्हटले की आपला हात आधी केरसुणीकडे जातो. छताच्या कोपऱ्यात जाळे दिसले की ते झाडायचे, मोरीत मोठा कोळी दिसला की चप्पल उचलायची, ही आपल्याकडची रीत. अशा आपल्या घरात कोणी म्हणाले की, "आई, मला कोळी पाळायचा आहे," तर आई त्या मुलाच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहील!

परंतु वाचकहो, इंग्लंड, जर्मनी, अमेरिका या देशांत तळहाताएवढा केसाळ कोळी काचेच्या पेटीत पाळणारी हजारो कुटुंबे आहेत. या मोठ्या केसाळ कोळ्यांना टॅरंटुला म्हणतात. 'होम अलोन' या १९९० सालच्या इंग्रजी चित्रपटात चोराच्या तोंडावर फिरणारा कोळी अनेकांना आठवत असेल. तो याच कुळातला. हल्ली मोबाइलवर परदेशी मुलांच्या हातावर शांत बसलेला कोळी पाहून आपल्याकडचे एखादे मूलही हट्ट धरते. विकणारा सांगतो, "हा गरीब आहे. नवशिक्यालाही सोपा." मूल ते ऐकते, आणि बापाला काय उत्तर द्यावे ते कळत नाही.

गरीब म्हणजे नेमके काय? आणि सोपा म्हणजे कोणाला सोपा, पाळणाऱ्याला की त्या कोळ्याला? याचाच विचार या लेखात करायचा आहे. त्यासाठी नवशिक्यांचा कोळी म्हणून जगभर ओळखला जाणारा, मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा टॅरंटुला आपण उदाहरण म्हणून घेऊ.

नाव एकाचे, बदनामी दुसऱ्याची

टॅरंटुला हे नाव इटलीतल्या तारांतो या गावावरून आले. त्या भागात पूर्वी असा समज होता की, तिथला एक कोळी चावला की माणसाने बेभान होऊन नाचले पाहिजे, तरच विष उतरते. तो कोळी खरे तर वेगळ्याच कुळातला होता आणि त्याच्या चाव्यात तसे काही नव्हते. पुढे युरोपातले लोक अमेरिका खंडात गेले. तिथे त्यांना मोठे केसाळ कोळी दिसले आणि त्यांनी तेच भीतीचे नाव यांना चिकटवले.

१७०५ साली मारिया सिबिला मेरियन या चित्रकार व निसर्ग-अभ्यासक स्त्रीने दक्षिण अमेरिकेतील सुरिनामच्या कीटकांवर एक सचित्र ग्रंथ काढला. त्यातल्या एका चित्रात पेरूच्या फांदीवर मोठा कोळी चिमुकल्या पक्ष्याला खाताना दाखवला आहे. त्या चित्रावरून या कोळ्यांना 'पक्षी खाणारे कोळी' असे नाव पडले. प्रत्यक्षात त्यांचे रोजचे अन्न म्हणजे रातकिडे, नाकतोडे, झुरळे. पक्षी हाती लागणे ही विरळा गोष्ट.

टॅरंटुलाच्या चाव्याने माणूस दगावल्याची खात्रीलायक नोंद नाही. लाल गुडघ्यांच्या कोळ्याचा चावा साधारण मधमाशीच्या डंखासारखा दुखतो. मात्र, ज्याला मधमाशीचा डंख बाधतो अशा माणसाने इथेही सावध राहायला हवे. शिवाय सगळे टॅरंटुला सारखे नसतात. काही जातींच्या चाव्याने अंगात जोराचे पेटके येतात. त्याविषयी पुढे येईलच.

त्याचे मूळ घर

मेक्सिकोच्या पश्चिमेला प्रशांत महासागराच्या बाजूने कोरडी, पानगळीची जंगले आहेत. तिथे पावसाळा थोड्या महिन्यांचा आणि बाकी वर्ष कोरडे. झाडांच्या मुळांशी, दगडांच्या आडोशाला हा कोळी बीळ करून राहतो. रंग काळा, आणि पायांच्या गुडघ्यांवर भडक तांबडे-नारिंगी पट्टे. पाय पसरले तर पाच-सहा इंच भरतो.

या कोळ्याचे शास्त्रीय नाव १८९७ साली ठेवले गेले. परंतु एकाच नावाखाली दोन जाती मिसळल्या होत्या. २०१७ साली मेक्सिकोतील संशोधकांनी त्या नीट वेगळ्या केल्या. बाल्सास नदीच्या खोऱ्याने या दोन जातींची वस्ती दोन बाजूंना विभागली आहे. बाजारात वर्षानुवर्षे जे कोळी 'स्मिथी' म्हणून विकले गेले, त्यांतले बहुतेक खरे तर 'हॅमोराय' या जातीचे होते.

त्याला आठ डोळे आहेत, पण दृष्टी अधू. त्याचे सारे जग पायांवरच्या केसांतून त्याला कळते. जमिनीची किंचित थरथर, हवेची बारीक झुळूक हे केस टिपतात. दिवसा तो बिळात बसतो, अंधार पडला की बिळाच्या तोंडाशी येतो आणि वाट पाहतो. किडा जवळून गेला तर झडप घालायची, नाही गेला तर उद्या पाहू. मादी तर वर्षानुवर्षे एकाच बिळात काढते. फार हिंडायचे नाही, थोडे खायचे, अंग चोरून राहायचे, असा त्याचा संसार. काचेच्या पेटीत तो निभावतो, त्याचे मूळ कारण हेच आहे.

गरीब म्हणजे माणसाळलेला नव्हे

कुत्रा माणसाळतो. मालक आला की शेपूट हलवतो. गाय आपल्या माणसाचा आवाज ओळखते. कोळ्याचे तसे नाही. पाच वर्षे रोज पाणी घातले तरी आपण त्याच्या लेखी कोणी आप्त होत नाही. आपला हात म्हणजे त्याला एक उबदार, हलणारी जमीन वाटते. गरीब याचा अर्थ एवढाच की, हा कोळी पटकन चावायला धावत नाही. त्रास झाला तर आधी पळतो किंवा लपतो. फारच झाले तर पुढचे पाय उंचावून सुळे दाखवतो, म्हणजे 'लांब राहा' असे सांगतो.

त्याच्याजवळ आणखी एक हत्यार आहे. पोटाच्या मागच्या बाजूला अतिशय बारीक, काटेरी केस असतात. घाबरला की तो मागच्या पायांनी पोट खसाखसा घासतो आणि ते केस हवेत उडवतो. खाजकुयली लागल्यासारखी अंगाला खाज सुटते, नाकात गेले तर शिंका येतात. अमेरिका खंडातल्या बहुतेक टॅरंटुलांकडे हे केस असतात. आशिया-आफ्रिकेतल्या टॅरंटुलांकडे ते नसतात, म्हणून त्यांना चावण्यावरच भिस्त ठेवावी लागते. नवशिक्यांसाठी अमेरिकेकडचे कोळी सुचवतात ते यासाठीच.

पण हे केस डोळ्यात गेले तर प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखे नाही. २००९ साली इंग्लंडमधील लीड्स शहरात एक माणूस तीन आठवडे लाल, पाणावलेला डोळा घेऊन डॉक्टरांकडे गेला. औषधाने गुण येईना. मोठ्या भिंगातून पाहिले तेव्हा बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात केसासारखे बारीक काटे रुतलेले दिसले. मग त्याला आठवले, की आपण पाळलेल्या कोळ्याची पेटी पुसताना कोळ्याने तोंडावर केसांचा फवारा उडवला होता. तो कोळी चिलीचा गुलाबी टॅरंटुला होता. तोही गरीब म्हणूनच प्रसिद्ध! ते काटे इतके बारीक होते की चिमट्याने काढता आले नाहीत. पुढे अनेक दिवस डोळ्यात थेंब घालावे लागले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१० साली ही हकीकत छापून आली.

म्हणून पेटी साफ करताना डोळ्यांवर चष्मा हवा, तोंड पेटीपासून लांब हवे, आणि काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डोळे चोळता कामा नयेत. लहान मुलाने एकट्याने पेटी उघडायची नाही, हा नियम घरात पक्का असावा.

पेटी कशी असावी?

मोठ्या कोळ्याला मोठा महाल लागत नाही. लांबी, रुंदी, उंची साधारण एकेक फूट असलेली काचेची किंवा प्लॅस्टिकची पेटी एका कोळ्याला पुरते. एका पेटीत एकच कोळी. दोन ठेवले तर बहुधा एकच उरतो.

पेटीच्या तळाशी नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा खत-औषध न घातलेली माती पाच-सहा इंच दाबून भरावी. याचे दोन उपयोग. एक म्हणजे कोळ्याला उकरून बीळ करता येते. दुसरा त्याहून महत्त्वाचा. या कोळ्याचे पोट पातळ पिशवीसारखे असते. काचेवर चढून तो वरून पडला तर पोट फुटते आणि तो मरतो. म्हणून भरलेल्या मातीपासून झाकणापर्यंतचे अंतर कोळ्याच्या पसरलेल्या पायांच्या दीडपटीपेक्षा जास्त नसावे. शोभेसाठी टोकदार दगड ठेवू नयेत.

लपायला मातीच्या कुंडीचा अर्धा तुकडा उपडा ठेवला तरी चालतो. एका कोपऱ्यात पाण्याची पसरट वाटी. माती मात्र कोरडी, कारण हा कोरड्या रानातला जीव आहे. सतत ओल राहिली की बुरशी धरते आणि बारीक किडे होतात. झाकणाला व बाजूंना हवेसाठी बारीक भोके हवीत. जाळीच्या झाकणात त्याची नखे अडकून पाय तुटू शकतो, म्हणून भोकांचे सपाट झाकण बरे. झाकण घट्ट बसले पाहिजे. हा जीव दिसतो मंद, पण सैल झाकण उचलण्याइतकी ताकद त्याच्यात असते.

दिवा, हीटर यांची गरज नाही. माणसाला जी हवा सोसते तीच त्यालाही साधारण सोसते. उन्हात ठेवलेली काचेची पेटी मात्र भट्टी होते. आणि एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. झुरळ-डास मारण्याचा फवारा कोळ्यालाही मारतो. ज्या खोलीत पेटी आहे तिथे असा फवारा मारायचा नाही, अगरबत्तीसारखी डासांची कांडीही लावायची नाही. एका खोलीत सारे कुटुंब राहते तिथे हे पाळणे अवघड, आणि डास तर चावणारच. याचा विचार कोळी आणण्याआधी करावा.

खाणे आणि पाणी

वाढलेल्या कोळ्याला आठवड्याला एक-दोन रातकिडे किंवा एखादे पाळीव जातीचे झुरळ पुरते. किडा कोळ्याच्या पोटापेक्षा मोठा नसावा. घरातली झुरळे पकडून घालू नयेत. त्यांनी कोठे विष खाल्ले असेल ते सांगता येत नाही. चोवीस तासांत खाल्ला नाही तर किडा बाहेर काढावा, कारण कोळी दुबळा असेल तर भुकेला रातकिडाच त्याला कुरतडतो.

हा कोळी कधी कधी खाणेच सोडतो. आठवडे जातात, चिलीच्या गुलाबी टॅरंटुलाच्या बाबतीत तर महिनेही जातात. पोट भरलेले दिसत असेल आणि वाटीत पाणी असेल तर घाबरण्याचे कारण नाही. पाण्याचे मात्र तसे नाही. त्याच्या पायांचे काही सांधे आखडायला स्नायू आहेत, पण ताणायला नाहीत. अंगातल्या द्रवाच्या दाबाने पाय सरळ होतात, जसे पाणी सोडल्यावर रबरी नळी ताठ होते. अंगातले पाणी आटले की पाय पोटाखाली मुडपून येतात. कोळी उभ्या अंगाने पाय आत मुडपून बसलेला दिसला तर तो आजारी समजावा आणि आधी पाण्याची वाटी भरावी.

इथे आपल्या घरात एक प्रश्न पडेल, आणि तो पडायलाच हवा. जीवहिंसा न करण्याचे शील आपण घेतो. मग जिवंत किडे खाणारा प्राणी हौसेसाठी पेटीत ठेवायचा का? रानात कोळी किडा खातो तो त्याचा धर्म. घरात मात्र तो किडा आपण आपल्या हाताने आत सोडतो. कोळी भाजीपाला खात नाही, त्याला शाकाहारी करता येत नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी कोळी पाळू नये, आणि मुलाला कारणही खरे तेच सांगावे. आणून मग उपाशी ठेवणे ही तर दुहेरी हिंसा झाली.

कात टाकण्याची रात्र

कोळ्याला हाडे नाहीत. बाहेरचे कडक आवरण हाच त्याचा सांगाडा. ते वाढत नाही, म्हणून सापासारखी कात टाकावी लागते. लहान कोळी वर्षातून अनेकदा कात टाकतो, वाढलेला वर्षा-दोन वर्षांतून एकदा.

आधी तो खाणे बंद करतो. केस उडवून पोटावर टक्कल पडले असेल तर ते काळे दिसू लागते, कारण आत नवी कातडी आणि नवे केस तयार झालेले असतात. मग एके दिवशी तो चक्क उताणा पडतो. आठही पाय वर! नवखा माणूस घाबरतो, मेला समजून ढोसतो, कोणी तर उचलून टाकून देतो. खरे तर तो त्या वेळी जुन्या अंगातून नवे अंग ओढून काढत असतो. कित्येक तास लागतात. नवी कातडी इतकी मऊ असते की बोट लागले तरी इजा होते.

म्हणून ही एक खूण घरातल्या प्रत्येकाने पाठ करावी : उताणा पडलेला कोळी कात टाकतो आहे, आणि पाय पोटाखाली मुडपलेला कोळी संकटात आहे. कात टाकताना काही करायचे नाही. पेटीत किडा असेल तर तेवढा हलक्या हाताने काढावा आणि बाजूला व्हावे. नंतरही आठवडा-दोन आठवडे खाऊ घालू नये. नवे सुळे आधी पांढरे आणि मऊ असतात, ते काळे आणि टणक झाले की मगच भक्ष्य सोडावे. एखादा पाय तुटला असेल तर कात टाकताना तिथे नवा, थोडा लहान पाय येतो. पुढच्या एक-दोन वेळांत तो भरून निघतो.

पाव शतकाची जबाबदारी

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लाल गुडघ्यांच्या कोळ्याची मादी वीस-पंचवीस वर्षे, कधी त्याहूनही जास्त जगते. नर मात्र काही वर्षांत वयात येतो आणि त्यानंतर साधारण वर्षभरात संपतो. वयात आलेला नर मादीच्या शोधात हिंडू लागतो. पेटीतही तो भिंतींना धडका देत फिरतो.

याच मोठ्या गटातल्या, पण टॅरंटुला नसलेल्या एका कोळ्याची हकीकत प्रसिद्ध आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या संशोधिकेने १९७४ साली झाकणाचे बीळ करणाऱ्या कोळ्यांच्या बिळांना क्रमांक देऊन नोंदी ठेवायला सुरुवात केली. त्यातली सोळा क्रमांकाची मादी त्याच एका बिळात त्रेचाळीस वर्षे जगली. २०१६ साली बीळ रिकामे आढळले. एका गांधीलमाशीने झाकण भोसकून तिचा घात केला होता. म्हातारपणाने नव्हे, तर माशीमुळे!

आता हिशोब करून पाहा. दहा वर्षांच्या मुलीने हट्ट केला आणि बापाने मादी आणून दिली. मुलगी दहावी होईल, कॉलेजला जाईल, नोकरीला लागेल, लग्न होऊन सासरी जाईल. कोळी तसाच पेटीत असेल. मग दर आठवड्याला पाणी कोण घालणार? भाड्याचे घर बदलताना पेटी कोण उचलणार? घरमालक काय म्हणेल? विकणारा हे प्रश्न विचारत नाही. ते आपल्यालाच स्वतःला विचारावे लागतात. खर्च कमी, जागा कमी, आवाज नाही, वास नाही, या दृष्टीने हा कोळी सोपा खरा. परंतु दिवस मोजले तर कुत्र्यापेक्षाही लांबची ही जबाबदारी आहे.

हातावर घ्यावा का?

घेऊ नये. माणसाला धोका थोडा आहे, कोळ्याला फार आहे. हातावरचा कोळी अचानक धावतो, माणूस दचकून हात झटकतो आणि कोळी जमिनीवर आपटतो. कमरेइतक्या उंचीवरून पडणेही त्याला प्राणघातक ठरते. हातावर घेतल्याने त्याला काही आनंद होतो असेही नाही. हलवायचेच असेल तर पारदर्शक डबा पुढे धरावा आणि मागून मऊ कुंचल्याने हळूच डब्यात सरकवावा. जाणते पाळणारे असेच करतात. मोबाइलवरच्या चित्रफितीत कौतुक हातावर बसलेल्या कोळ्याचे होते, खाली पडलेल्या कोळ्याचे चित्र कोणी दाखवत नाही.

बाजार आणि कायदा

हा कोळी सुंदर आणि गरीब आहे, हेच त्याच्या मुळावर आले. मेक्सिकोच्या रानातून अमेरिका आणि युरोपच्या बाजारासाठी हे कोळी इतके उपसले गेले की १९८५ साली त्यांचे नाव 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत घालावे लागले. तेव्हापासून परवान्याशिवाय त्यांची देशोदेशी ने-आण करता येत नाही. एका मादीच्या अंड्यांतून शेकडो पिले निघतात. म्हणून पेटीत वाढवलेली पिले विकणे शक्य आहे, आणि युरोप-अमेरिकेत अशी पिले मिळतातही. परंतु पिलू वाढायला अनेक वर्षे लागतात. घाईच्या गिऱ्हाइकाला आयती मोठी मादी हवी असते आणि चोरटा व्यापार तिथेच पोसतो. २०१० साली अमेरिकेत एका जर्मन माणसाला टपालाने शेकडो टॅरंटुला पाठवल्याबद्दल अटक झाली.

ही गोष्ट आपल्या देशापर्यंतही आली. २०२१ साली चेन्नईत सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून आलेले एक टपाल पार्सल उघडले. आत कापूस आणि चंदेरी कागदात गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या कुप्या होत्या, आणि त्यांत १०७ जिवंत कोळी. त्यांत लाल गुडघ्यांच्या कोळ्याच्या प्रजातीचेही कोळी असल्याचे सांगण्यात आले. ते पार्सल आल्या वाटेने परत पाठवण्याचे ठरले.

आपल्याकडचा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. २०२२ साली त्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. साइट्सच्या यादीतले परदेशी प्राणी बाळगणाऱ्याने त्यांची सरकारकडे नोंदणी करणे आता बंधनकारक आहे. त्यासाठीचे नियम २०२४ साली आले. नोंद 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावरून मुख्य वन्यजीव रक्षकाकडे करावी लागते. लाल गुडघ्यांचा कोळी या यादीत येतो. म्हणून कोणी गुपचूप डबीत आणून देतो म्हणाला, तर स्वस्त मिळतो म्हणून भुलू नये. कागद नसलेला कोळी घेणे म्हणजे रानातल्या चोरीला गिऱ्हाईक होणे, आणि वर आपल्या घरादाराला कायद्याच्या कचाट्यात टाकणे.

टॅरंटुला आपल्या देशातही आहेत. सह्याद्रीत ते बिळांत राहतात, काही जाती झाडांच्या ढोलीत. आंध्र प्रदेशातल्या गुत्तीचा गडद निळा कोळी तर जगप्रसिद्ध आहे. १८९९ साली त्याची पहिली नोंद झाली, मग शंभर वर्षे कोणाला दिसला नाही, आणि २००१ साली पुन्हा सापडला. २००८ पासून तो अत्यंत धोक्यातल्या जातींत गणला जातो, आणि २०१९ साली त्याची सारी प्रजाती साइट्सच्या यादीत आली. अंगावर खाजरे केस नसलेले हे कोळी चपळ असतात. निळ्या कोळ्याच्या कुळाचा चावा तर फार त्रास देतो. चावल्यावर पेटके येतात म्हटले ते याच कुळाबद्दल. नवशिक्याने यांच्या वाटेला जाऊ नये. रानात सहलीला गेल्यावर बीळ दिसले तर काडी घालून उकरू नये. पाहावे आणि पुढे जावे.

मुलांना काय सांगावे?

मुलाला कोळ्याची भीती न वाटता कुतूहल वाटते, ही चांगलीच गोष्ट आहे. त्याला रागावून गप्प करू नका. कोळी पाहायला दर वेळी तो विकत आणावा लागत नाही. आपल्या मोरीत, माळ्यावर फिरणारा मोठा चपटा कोळी जाळे विणत नाही, रात्री धावून झुरळे पकडतो. त्याची मादी अंड्यांची चपटी पिशवी पोटाशी धरून फिरते. मुलाला विजेरी द्या, वही द्या. तो कधी बाहेर येतो, काय धरतो, कात कोठे टाकतो, हे लिहायला सांगा. सहा महिने न कंटाळता असे लिहिणारे मूल कोणत्याही जिवाची काळजी घ्यायला तयार झाले असे समजावे.

आणि ज्यांना खरोखरच पुढे जायचे आहे, त्यांनी कागदपत्रांसह, पेटीत जन्मलेले पिलूच घ्यावे, पंचवीस वर्षांचा हिशोब घरात सर्वांसमोर मांडावा, आणि मगच पेटी आणावी. लाल गुडघ्यांचा हा जीव आपल्याकडे प्रेम मागत नाही. त्याला कोरडी माती, वाटीभर पाणी, बंद झाकण आणि शांतता एवढेच हवे असते. एवढे देणे आपल्या घराला जमणार असेल तर ठीक. जमणार नसेल तर त्याला त्याच्या रानात सुखाने राहू द्यावे, आणि आपल्या मोरीतल्या कोळ्यावर उगारलेली चप्पल तेवढी खाली ठेवावी.